आधी रस्सा, मग रस्ता

जुलै लागला की कोल्हापूरकराचं लक्ष दोन पातळ्यांवर असतं. एक राजाराम बंधाऱ्यावरची पाण्याची पातळी आणि दुसरी, पन्हाळा ते पावनखिंड चालत जायचं म्हणून काढलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या उत्साहाची. पाण्याला इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट अशी नेमून दिलेली आहे. उत्साहाला असली काही पट्टी नाही. त्यामुळे ग्रुप निघाल्यावर पहिल्या अर्ध्या तासात गल्लीतले सगळे, गल्ली सोडून पुण्याला गेलेले आणि एखादा तर दुबईहून, "आपण हाय" असं लिहून मोकळे होतात. ॲडमिन खूश होतो. नवा असतो बिचारा.

मोहीम काही साधी नाही. सिद्दी जौहरने मार्च १६६० मध्ये पन्हाळ्याला घातलेला वेढा चार महिने झाले तरी ढिला पडेना, तेव्हा जुलैतल्या एका पावसाळी रात्री शिवाजी महाराज सुमारे सहाशे मावळ्यांनिशी गड उतरले आणि विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद महाराजांच्या वेषात दुसऱ्या पालखीत बसून शत्रूच्या हाती लागले. घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदलांच्या तुकडीने वाट रोखून धरली, आणि त्या खिंडीची पावनखिंड झाली. तीच वाट, पन्नास किलोमीटरच्या आसपासची, आज दर पावसाळ्यात माणसांनी फुलून जाते. हिल रायडर्ससारख्या कोल्हापुरातल्या संस्था वर्षानुवर्षं ही पदभ्रमंती काढतात. त्यांच्याकडे नाव नोंदवावं, पैसे भरावेत, सांगतील तेव्हा उठावं आणि गपगुमान चालावं, असा सरळ मार्ग आहे. पण सांगतील तेव्हा उठणं ही अट मानवणारा माणूस पेठेत जन्माला यायचा आहे. "आपलं आपण करू की मर्दा, त्यात काय!" असं कोणीतरी म्हणतो, आणि तिथून पुढचा इतिहास घडतो.

सहाशे माणसं एका रात्री, आवाज न करता, एकाच वेळी निघाली. शाळेत ही गोष्ट ऐकताना तिच्यातला पराक्रम कळतो. तिच्यातलं नियोजन कळायला मात्र ग्रुप ॲडमिन व्हावं लागतं.

कारण पहिला प्रश्न माणसं किती, हा असतो आणि त्याचं उत्तर गाडी सुटेपर्यंत मिळत नाही. कोल्हापुरात 'येतो' म्हणण्याच्या पायऱ्या आहेत. "फिक्स समज" म्हणजे अजून घरात विचारलेलं नाही. "बघतो की" म्हणजे येणार नाही, पण वाईट दिसायला नको. "गाडी कुठली हाय?" असं विचारणारा येण्याची शक्यता बरी असते. "चालतंय की" याचा अर्थ ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खात्रीने येणारा माणूस एकच, जो ग्रुपवर एक अक्षर लिहीत नाही आणि ठरल्या दिवशी पाचच्या ठोक्याला पाठीला पिशवी अडकवून कोपऱ्यावर उभा असतो. त्याला बाकीचे "तू पण हाईस व्हय?" असं विचारतात.

महिलांच्या ग्रुपमध्ये हा गोंधळ कमी असतो, असं निरीक्षण आहे. भिशी चालवायची सवय असल्यामुळे तिथं आधी पैसे जमा होतात आणि मग चर्चा होते. पुरुषांच्या ग्रुपमध्ये चर्चा होते. कॉलेजच्या पोरींना मात्र तिसरीच लढाई लढावी लागते, घरच्यांची. कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरने मे २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केलं, तेव्हापासून त्यांच्या हातात एक पुरावा आला आहे. "ती एव्हरेस्टवर गेली, आणि मला पन्हाळ्यापासनं पुढं सोडत नाहीस," असं पोरगी म्हणते. "ती पहाटं उठून पळायला जात हुती. तू कधी उठतीस?" असं आई म्हणते. या प्रश्नाला आजवर कुठल्याही पोरीकडे उत्तर सापडलेलं नाही.

माणसांनंतर तारीख. इतिहासाचा मान राखायचा तर १२-१३ जुलै हवा. पण त्या तारखा आठवड्याच्या मध्यात आल्या की ज्यांना दुकान आहे त्यांना चालतं, ज्यांना बँक आहे त्यांना चालत नाही. शिवाय आषाढ. कोल्हापुरात आषाढ हा नुसता महिना नसतो, ती जेवणावळींची मालिका असते. मंगळवारी आणि शुक्रवारी त्र्यंबोली यात्रा. पंचगंगेचं नवं पाणी कलशात घेऊन, 'पी ढबाक'च्या तालावर टेंबलाईच्या टेकडीवर जायचं, आणि मग गल्लीत मटणाचं जेवण. प्रत्येक गल्लीचा, प्रत्येक तालमीचा वार ठरलेला. शुक्रवारी रात्री रस्सा ओरपून झोपलेल्या माणसाला शनिवारी पहाटे पाचला राजदिंडीची वाट उतरायला लावणं हे मानवाधिकारात बसतं का, यावर एका वकील मेंबरने केलेलं भाष्य ग्रुपवर बराच काळ पिन करून ठेवलेलं असतं.

मग येतो पाऊस. हवामान खात्याचा ऑरेंज अलर्ट कोणी मनावर घेत नाही. पण "रेडेडोह फुटला" एवढे दोन शब्द आले की ग्रुप एकदम गंभीर होतो. पंचगंगेचं पाणी पात्राबाहेर पसरून केर्लीजवळ रस्त्यावर आलं म्हणजे कोल्हापूरहून पन्हाळ्याला जायची सरळ वाट बंद. पावनखिंडीपर्यंत चालत जायला निघालेली माणसं पन्हाळ्यापर्यंतच्या वीस किलोमीटरांना गाडी मिळत नाही म्हणून घरी बसतात, यातली गंमत बाहेरगावच्या माणसाला कळते. कोल्हापूरकराला कळत नाही, कारण तो तोवर पाणी बघायला गेलेला असतो. जुलै २०२१ मध्ये तर पावसाने पन्हाळ्याच्या तोंडाशी आलेला रस्ताच खचला होता. तेव्हापासून एखादा सावध मेंबर "दुसरा रस्ता बघून ठेवूया का?" असं विचारतो आणि त्याला कोणी उत्तर देत नाही, कारण त्याच वेळी खाली मेनूवर चर्चा सुरू झालेली असते.

आता मेनू. इथं थांबायला हवं, कारण ग्रुपही इथंच थांबतो.

पन्नास किलोमीटर वाटेची चर्चा साधारण दहा मेसेजांत आटोपते. पन्हाळा, राजदिंडी, तुरुकवाडी, म्हाळुंगे, म्हसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी, मांडलाईवाडी, करपेवाडी, आंबेवाडी असा कुठून तरी आलेला मजकूर कोणी तरी पुढे ढकलतो, बाकीचे अंगठा दाखवतात, विषय संपला. जेवणाचं तसं नाही. शेतात नाहीतर नदीकाठी चूल मांडून, चार मित्र जमवून रस्सा करायचा, याला कोल्हापुरात 'रस्सा मंडळ' म्हणतात, आणि रस्सा मंडळाला घटना नसली तरी संकेत फार कडक असतात. शनिवार. तालमीतली निम्मी पोरं मारुतीचा शनिवार पाळतात. म्हणजे मुक्कामाच्या रात्री मटण बाद. काहींचा सोमवार असतो, त्यांना रविवारी रात्री बारापर्यंत मुभा. शिवाय पावनखिंडीच्या आसपास तसलं काही शिजवायचं नाही, हा न लिहिलेला नियम जुनी मंडळी कटाक्षाने पाळतात, आणि त्यात त्यांचं बरोबरच आहे. आता गणित मांडा. शनिवारी सकाळी निघायचं, रविवारी दुपारी खिंडीत पोचायचं, वंदन करायचं, पांढरपाण्याला गाडीत बसायचं आणि मलकापूर किंवा आंबा गाठून रविवार संपायच्या आत जेवायला बसायचं. म्हणजे चालण्याचा वेग, विश्रांती, मुक्कामाचं गाव आणि पहाटे उठायची वेळ, हे सगळं रविवारच्या मटणापासून उलटं मोजत आणलेलं असतं. पदभ्रमंतीच्या शास्त्रात याला काय म्हणतात ठाऊक नाही. पण हे वेळापत्रक चुकत नाही, कारण यात मागे पडणाऱ्याला बक्षीस नसतं.

खरी अडचण मापाची. माणशी पाव किलो की अर्धा किलो, हा वाद रंगतो तेव्हा मूळ प्रश्न परत वर येतो: माणसं किती? खाटकाला "बघतो की" चालत नाही. त्याला किलो लागतात. म्हणून अनुभवी खजिनदार माणसं मोजायच्या भानगडीत पडत नाही. तो वर्गणी मोजतो. ज्याचे पैसे आले तो माणूस, बाकीचे मेसेज.

पुढचा तंटा चटणीचा. उन्हाळ्यात मिरची कांडून आणून घरोघर केलेली कांदा-लसूण चटणी हा कोल्हापुरात कुलाचाराचा भाग आहे. शनिवारी रात्रीच्या पिठल्यासाठी आणि रविवारच्या रश्शासाठी चटणी कोणाच्या घरची न्यायची? एकाच्या घरची तिखट पण रंग नाही, दुसऱ्याच्या घरची रंगाला चांगली पण कांदा जास्त. "माझ्या आईची आणतो" असं तिघे एकदम म्हणाले की मतदान घ्यायची सोय राहत नाही, कारण विरोधी मत नेमकं कोणाच्या आईविरुद्ध जाईल याचा अंदाज येत नाही. शेवटी तिघांच्याही बरण्या निघतात. काही ग्रुपांत औषधांची पेटी विसरली गेली आहे, टॉर्च विसरले गेले आहेत, एका ग्रुपचा तर वाटाड्याच विसरला गेला, असं सांगतात. चटणी विसरलेला ग्रुप कोणी पाहिलेला नाही.

१९५३ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचं सामान वाहायला साडेतीनशेहून जास्त हमाल होते. कोल्हापूरची मोहीम हे काम एका 'छोटा हत्ती'वर भागवते. पातेली, झारा, डाव, शेगडी, सिलिंडर, तांदळाची पिशवी, चार जास्तीचे कांदे, आणि त्यांच्यावर सगळ्यांच्या सॅक. छोटा हत्ती डांबरी रस्त्याने वळसा घालून मुक्कामाच्या गावी जातो, आणि मंडळी भडंगाची पुडी आणि मोबाइल एवढीच शस्त्रं घेऊन म्हसाईच्या पठाराकडे चालू लागतात. ट्रेकिंगचं दोन-दोन हजारांचं पाठीवरचं सामान विकत घेऊन ते टेम्पोतून पाठवणारा हा गिर्यारोहक जगात दुसरीकडे असेल असं वाटत नाही.

तंबूचीही एक गोष्ट असते. दर ग्रुपमध्ये एकाने ऑनलाइन तंबू मागवलेला असतो. 'दोन मिनिटांत उभा राहतो' असं खोक्यावर लिहिलेलं. घराच्या गच्चीवर तो खरोखरच दोन मिनिटांत उभा राहिलेला असतो, फोटोही असतो. पण म्हसाई पठार म्हणजे जांभ्याचा सडा. वर बोटभर माती, खाली दगड. खुंटी दोन इंच गेली की वाजते आणि वाकते. त्यात जुलैचं वारं आणि हाताच्या अंतरावरचा माणूस दिसू नये असलं धुकं. तंबू खरोखर दोन मिनिटांत उभा राहतो, आणि तिसऱ्या मिनिटाला पठाराच्या पांडवदऱ्याकडच्या अंगाला निघतो. त्याच्या मागे मालक, मालकाच्या मागे बाकीचे, असा जो काही प्रवास होतो तो ठरलेल्या वाटेत धरलेला नसतो. हिवाळ्यात तंबूला हरकत नाही. आषाढात करपेवाडी-आंबेवाडीकडच्या शाळेचा व्हरांडा, देवळाचा मंडप किंवा एखाद्याच्या घरातली माजघराची जागा, यांना पर्याय नाही. या वाटेवरच्या गावांना आता या पावसाळी पाहुण्यांची सवय झाली आहे. माणसं किती म्हणून विचारतात, आणि शहरातल्या ॲडमिनपेक्षा जास्त शांतपणे उत्तर ऐकून घेतात. सांगितल्यापेक्षा चार भाकरी जादा थापतात. चूल पेटलेली असते, तिच्या वर दांडीला ओले मोजे टांगायलाही ना म्हणत नाहीत, यापलीकडे आदरातिथ्य ते काय असायचं.

पायात काय घालायचं, यावरही सल्ल्यांचा पूर येतो. एक जण हमखास अभिमानाने कोल्हापुरी चप्पल घालून येतो. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या मंचावर तिची नक्कल नेली आणि जगभर बोभाटा झाला, सगळं खरं. पण ती चामड्याची चप्पल आहे. भाताच्या खाचराशेजारच्या चिखलात तिचा एक पाय तुरुकवाडीच्या पुढे रुततो आणि मालकाचा पाय तेवढा वर येतो. महागड्या बुटांचंही फार बरं नसतं. त्यांच्या तळाला लाल मातीचा थर चढत जातो आणि चालणारा हळूहळू उंच होतो. त्याच बांधावरून डोक्यावर भाताच्या रोपांचा भारा, पाठीवर प्लास्टिकची खोळ आणि पायात साधी प्लास्टिकची चप्पल घातलेली एखादी मावशी यांना ओलांडून पुढे जाते. रोपलावणीची घाई असते तिला. जाता जाता ती सोबतिणीला विचारते, "ह्या पावसात ही कशाला चालत्यात गं?" याचं उत्तर त्या क्षणी ग्रुपमधल्या कोणालाच देता येत नाही. इतिहासाच्या मास्तरांनाही नाही, आणि ते तर वाटेत दर थांब्याला बोलत असतात.

मास्तर हे दर मोहिमेत असतातच. सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांनी विशाळगडालाही वेढा घातला होता आणि तो फोडून महाराज वर गेले, हे ते नेमकं चढावर सांगायला घेतात. श्वास लागलेल्या माणसाला वाद घालता येत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. पन्हाळा जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेला आणि विशाळगड त्या बारा किल्ल्यांत नाही, यावर त्यांचं वेगळं व्याख्यान आहे. ते उतारावर असतं.

दुसऱ्या दिवशी जंगल लागतं आणि जळवा लागतात. मीठ, तंबाखू, हळद, कडुनिंबाचं तेल, यांतलं जे कोणी आणलेलं असतं ते छोट्या हत्तीत असतं. मोबाइलला रेंज नसते. एवढे दिवस रात्री दोनपर्यंत वाजणारा ग्रुप, जिथे पुढची तुकडी कुठल्या फाट्याला वळली हे कळायला हवं असतं, तिथे मुका होतो. मग जुनाच उपाय. पुढचा "ओऽऽ" करतो, मागचा "ओऽऽ" करतो, आणि मधला एखादा धनगर दोघांनाही चुकीच्या दिशेने चालल्याचं शांतपणे सांगतो. "खिंड? ही काय, पलीकडं," असं म्हणून तो काठी दाखवतो. ते पलीकडं तासाभराचंही असू शकतं. पण रविवार डोक्यावर आलेला असतो, आणि मलकापुरात रस्सा उकळायला घेतल्याचा निरोप रेंज जायच्या आधी येऊन गेलेला असतो. या शेवटच्या टप्प्यात गुडघे धरलेली माणसं ज्या चालीने चालतात, ती पाहिली तर मेनू आधी ठरवण्याच्या पद्धतीला कोणी हसणार नाही.

जेवणं होतात. गाडीत हिशेब होतो. सॅक जास्त भिजल्या की तांदूळ, यावर थोडी कुरबूर होते. आणि बांबवडे यायच्या आत कोणी तरी म्हणतो, "हिवाळ्यात दाजीपूर करूया. तंबू टाकून."

तंबूवाला सावरून बसतो. दाजीपूर म्हणजे राधानगरी अभयारण्य, १९५८ पासूनचं, महाराष्ट्रातलं पहिलं. गवे, गर्द जंगल, पहाटेचं धुकं, सगळ्यांचे चेहरे उजळतात. पावसाळ्यात बंद असतं, थंडीत उघडतं, हेही जुळतं. तेवढ्यात वकील मेंबर सांगतो की अभयारण्यात चूल पेटवता येत नाही, आवाज करता येत नाही, वनखात्याचे नियम कडक आहेत आणि गव्याला रश्शाचं अगत्य नाही. गाडीत पहिल्यांदाच कोणी काही बोलत नाही. अखेरीस मागच्या सीटवरून तो न बोलणारा माणूस, जो पाचच्या ठोक्याला येतो, तो तोंड उघडतो. राधानगरीच्या अलीकडे त्याच्या मेहुण्याचं शेत आहे, धरणाच्या बाजूला. तिथं चूल चालते, तंबूही चालतील, माती भुसभुशीत आहे.

लगेच मेहुण्याला फोन जातो, स्पीकरवर. बेत सांगितला जातो, तारखा सांगितल्या जातात, जंगलाच्या फाटकाची वेळ विचारली जाते, मग ॲडमिन म्हणतो, "दाजी, माणसं नक्की किती हे अजून ठरलेलं नाही..."

"माणसं ऱ्हाऊ दे रं," पलीकडून आवाज येतो. "किलो सांग."